पद एक्झिक्युटिव्हचं, काम गेज लावायचं : चाकणमधली एक सेवासमाप्ती

20 ऑगस्ट 2019, मंगळवार. दुसरी शिफ्ट सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. लाइनवर हाउसिंगची, म्हणजे सुट्या भागांच्या कवचांची, बॅच लागलेली. तेवढ्यात शिफ्ट इन्चार्ज येऊन, पुढे माझा अशील झालेल्या माणसाला म्हणाला, "एचआरनी वर बोलावलंय, हातातलं ठेवून जा." वर कॉन्फरन्स रूममध्ये एचआर मॅनेजर आणि प्लँट हेड बसलेले, टेबलावर टाइप केलेला राजीनामा. नाव, पद, तारीख, सगळं छापलेलं. फक्त सहीची जागा कोरी.

"मार्केट बघताय ना? सही करा, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ. नाही केलीत तर टर्मिनेट करावं लागेल, मग पुढे कुठं उभं करणार नाहीत."

तो म्हणाला, "घरी विचारून सांगतो."

माझ्याकडे आला तेव्हा हे वाक्य त्याने मान खाली घालून सांगितलं. जणू तिथे काहीतरी बाणेदार बोलायला हवं होतं आणि आपण बायकोच्या पदराआड लपलो. मी त्याला म्हटलं, अहो, तुमची अख्खी केस या तीन शब्दांवर उभी आहे. सही केली असती तर "राजीनामा दबावाखाली घेतला" हे शाबीत करण्यातच चार वर्षं गेली असती. बंद खोलीत काय बोलणं झालं याला साक्षीदार कोण? समोरचे दोघेच.

(सही करून बसलेल्यांची वाट बंद होत नाही. पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने "सही जबरदस्तीने घेतली, मी राजीनामा मागे घेतो" असं कळवलं असेल तरच तिला काही अर्थ उरतो. महिन्याने सुचलेली जबरदस्ती कोर्टाला पटवणं फार जड जातं.)

सिक्युरिटीवाला त्याच्याबरोबर लॉकरपर्यंत गेला, ओळखपत्र काढून घेतलं, गेटवरच्या रजिस्टरात बाहेर पडल्याची वेळ लिहिली. संध्याकाळी त्याच्या जीमेलवर पत्र आलं. चार ओळींचं. नेमणूकपत्रातल्या कलम 11 नुसार, कोणतंही कारण न देता, एक महिन्याच्या नोटिशीऐवजी पगार देऊन आपली सेवा तात्काळ समाप्त करण्यात येत आहे, कारण "आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही." कारण न देता म्हणता म्हणता कारण देऊन टाकलं होतं. मसुदा करणाऱ्याच्या ते लक्षात आलं नसावं. आमच्या मात्र फार कामाला आलं.

माणूस आणि कंपनी ओळखू येऊ नये एवढे तपशील इथे बदलले आहेत. कंपनी वाहनांचे सुटे भाग करणारी, कायम कामगार ऐंशीच्या आसपास, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी. हा माणूस 2 जानेवारी 2012 ला लागलेला, पगार 34 हजार, त्यात बेसिक आणि डीए मिळून 19,500. पद: सीनियर एक्झिक्युटिव्ह, क्वालिटी. मंदी खरीच होती. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने पडली होती आणि चाकण-भोसरी पट्ट्यात कित्येक प्लँट आठवड्यातले दोन-दोन दिवस बंद राहत होते. कायद्याने मंदीत माणूस कमी करायला बंदी नाही. तो कसा कमी करायचा याची रीत मात्र घालून दिलेली आहे.

माझ्याकडे तो आला 4 नोव्हेंबरला, दिवाळी उरकून. म्हणजे 76 व्या दिवशी. मधल्या काळात काय केलं? गणपतीपर्यंत एचआरच्या फोनची वाट पाहिली. मग ओळखीच्या एकाने सांगितलं, "पगार दहा हजारांच्या वर आहे ना, मग तुला लेबर कोर्ट नाही." ते खरं धरून तो नोकऱ्या शोधत बसला. दरम्यान कंपनीने ऑगस्टचे दिवस आणि एक महिन्याचा पगार खात्यात टाकला. ग्रॅच्युइटी मात्र अडवून धरली. आधी "माझं कंपनीकडे काही येणं नाही" या एफ अँड एफच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर सही, मग ग्रॅच्युइटी.

त्या ओळखीच्या माणसाने सांगितलेलं अर्धवट होतं, आणि असं अर्धवट ज्ञान कारखान्यांच्या गेटवर चहाइतकंच सहज मिळतं. औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये कामगाराची व्याख्या कलम 2(एस) मध्ये आहे. अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचं काम करणारा तो कामगार. मॅनेजर किंवा प्रशासकीय अधिकारी त्यातून वगळलेले. दहा हजारांची मर्यादा होती ती फक्त देखरेख करणाऱ्याला, म्हणजे सुपरवायझरला. तांत्रिक काम करणाऱ्याचा पगार 34 हजार असो की 84 हजार, तो कामगारच. तेव्हा प्रश्न पगाराचा नव्हता. हा माणूस दुसऱ्यांवर देखरेख करत होता की स्वतः काम करत होता, हा होता. पाटीवर "एक्झिक्युटिव्ह" लिहिलंय म्हणून कोर्ट मानत नाही, पण पाटी खोटी आहे हे दाखवायचं ओझं आपल्यावर असतं. आणि नुसतं "मी मॅनेजर नव्हतो" म्हणूनही भागत नाही. 1994 मध्ये सँडोझ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगून ठेवलंय की व्याख्येत मोजलेल्या प्रकारांपैकी एखादं काम तुम्ही करत होता, हे दाखवावं लागतं.

मी विचारलं, "दिवसभर हाताने काय करता?"

तो उठला आणि माझ्या टेबलावरचं पेन आणि टोपण घेऊन दाखवायला लागला. "मॅडम, हा बोअर, म्हणजे भोक, समजा. प्लग गेजची गो बाजू आत गेली पाहिजे आणि नो-गो बाजू अडली पाहिजे. नो-गो आत गेली म्हणजे बोअर मोठा झाला, नग बाद." मग व्हर्नियर, मग हाइट गेज, मग रिपोर्टात रीडिंग भरायचं. आठ तासांत शे-दीडशे नग. मॅनेजर हे करत नाही.

"हाताखाली कोणी?"

"दोन नीम ट्रेनी, सरकारी प्रशिक्षण योजनेतले. त्यांना शिकवायचो."

इथे मला जरा धडकी भरली. "त्यांची रजा कोण मंजूर करायचं?" "एचआर. माझीच रजा इन्चार्ज करायचा, मी कुणाची करणार?" धडकी उतरली. पण दोन ट्रेनी उलटतपासणीत येणार हे त्याच क्षणी वहीत लिहून ठेवलं.

कागद विचारले तर नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, एप्रिल 2019 चं पगारवाढीचं पत्र, एवढंच. इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळे कंपनीत. मग तो जरा संकोचून म्हणाला, "डायऱ्या आहेत, चालतील का?" दुसऱ्या दिवशी आठ डायऱ्या घेऊन आला. बेअरिंगचा डीलर नव्या वर्षाला वाटतो तसल्या खिशातल्या डायऱ्या, 2012 ते 2019. घामाने पानं फुगलेली, काहींवर कूलंटचे डाग. एक नोंद अशी: "14/3. हाउसिंग, बोअरमध्ये नो-गो जातोय. 42 नग बाजूला. इन्चार्जला सांगितले." दुसरी: "पेंट लागलेला माल, सोडायचा का विचारले. मॅनेजर बघतो म्हणाले." पानामागून पान तेच. सांगितले, विचारले, कळवले. आठ वर्षांत "ठरवले" हे क्रियापद एकदाही नाही. मी वकिलीत बरेच पुरावे पाहिले, पण क्रियापदांनी केस उभी केलेली ही एकच.

आता वाटा कोणत्या होत्या ते सांगते, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. एक वाट औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम 2ए ची. कामगार आयुक्त कार्यालयात, पुण्यात वाकडेवाडीला, समेट अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. 45 दिवसांत समेट झाला नाही तर थेट कामगार न्यायालयात जाता येतं. मुदत नोकरी गेल्यापासून 3 वर्षं. दुसरी वाट फक्त महाराष्ट्राची: 1971 चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा. आमच्या भाषेत "यूएलपी टाकणे". त्याच्या परिशिष्ट 4 मधल्या पहिल्याच बाबीत सूडबुद्धीने, खोट्या कारणाने, अधिकाराचा देखावा करून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने केलेली सेवासमाप्ती अनुचित प्रथा ठरवली आहे. इथे समेटाचा फेरा नाही, थेट कोर्ट, अंतरिम आदेशही मागता येतो. पण मुदत फक्त 90 दिवस. उशीर सबळ कारण असेल तर माफ होतो, पण त्या माफीचा स्वतंत्र झगडा करावा लागतो. आणि कलम 59 मुळे एकाच गोष्टीसाठी दोन्ही वाटांवर एकदम चालता येत नाही. एकीकडे पाऊल टाकलं की दुसरी बंद.

आमचे 90 दिवस 18 नोव्हेंबरला संपत होते. हातात 14 दिवस. समेटाची वाट घेतली असती तर 3 वर्षांचा निवांतपणा होता आणि कपातीच्या भरपाईचं कलम 25एफ तिथे अधिक सरळ मांडता आलं असतं, हे मान्य. काही ज्येष्ठांनी मला तसा सल्लाही दिला. मी यूएलपी निवडली ती दोन कारणांनी. अंतरिम अर्जाचा दबाव, आणि दुसरं म्हणजे पत्र व तोंडी बोलणं यातली विसंगती "खोटं कारण" या शब्दांत चपखल बसत होती. तक्रार 15 नोव्हेंबरला, शुक्रवारी दाखल झाली.

त्याआधी दोन पत्रं पाठवली. एक कंपनीला: खात्यात आलेली रक्कम हक्क राखून स्वीकारली आहे, सेवासमाप्ती मान्य नाही, कामावर यायला मी तयार आहे. दुसरं ग्रॅच्युइटीचा फॉर्म आय, म्हणजे मागणीचा अर्ज. ग्रॅच्युइटीला कामगार की मॅनेजर हा वाद लागू नाही, 5 वर्षं सलग झाली की झालं. नोकरी 7 वर्षं 7 महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे 8. हिशोब असा: 19,500 भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 11,250. आठ वर्षांचे 90 हजार. कंपनीच्या कागदावर 7 वर्षं धरून 78,750 लिहिले होते. ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या नियंत्रक प्राधिकरणाकडे फॉर्म एन टाकू आणि 10 टक्के व्याज मागू, एवढं लिहिल्यावर जानेवारीत पूर्ण 90 हजार आले. सही न करता. एफ अँड एफच्या सहीसाठी ग्रॅच्युइटी अडवणं हा दम आहे, त्याला कायद्याचा आधार नाही. आणि निम्मे लोक या दमालाच बळी पडतात.

कंपनीचं लेखी म्हणणं आलं आणि मी दोनदा वाचलं. त्यात दोन गोष्टी होत्या. हा सुपरवायझर आहे, म्हणून कामगार नाही. आणि याची कामगिरी असमाधानकारक होती. म्हणजे पत्रात गरज नाही, तोंडी मंदी, आणि आता कामगिरी वाईट! इकडे आड, तिकडे विहीर अशी गत त्यांनीच करून घेतली. कामगिरी वाईट म्हणून काढलं म्हणाल तर आरोपपत्र कुठे, खातेनिहाय चौकशी कुठे? शिवाय एप्रिलच्या पगारवाढीच्या पत्रात कौतुक केलेलं. गरज उरली नाही म्हणून काढलं म्हणाल तर ती कपात झाली, आणि कपातीला 25एफ लागतं: 240 दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा पगार, शिवाय दर वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार, तोही काढतानाच हातात, आणि सरकारला सूचना. याच्या बाबतीत ती भरपाई होते अंदाजे 1 लाख 36 हजार. एक दमडी दिली नव्हती. वर 25जी, शेवटी आला तो आधी जाईल. याच विभागात 2016 ला लागलेला इन्स्पेक्टर कामावर होता.

माझं आजही मत आहे की त्या मंगळवारी छापील राजीनाम्याऐवजी दीड लाखाचा चेक टेबलावर असता आणि धाकट्याआधी थोरल्याला का काढतोय याचं कारण नोंदवलेलं असतं, तर मला लढायला फारसं काही उरलं नसतं. नेमणूकपत्रातलं "कारण न देता एक महिन्याची नोटीस" हे कलम कामगाराच्या बाबतीत कायद्याच्या वर जात नाही, हे एचआरच्या टेबलापलीकडच्यांना माहीत नसतं असं नाही. समोरचा लढणार नाही असा त्यांचा अंदाज असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

अंतरिम आदेश मिळाला नाही. कामगार आहे की नाही हे पुराव्यानेच ठरेल, असं म्हणून कोर्टाने अर्ज फेटाळला. पुढे मार्च 2020 आला आणि सगळंच थांबलं. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तारखा पडत राहिल्या.

फेब्रुवारी 2020 पासून तो भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये 18 हजारांवर लागला होता. पुराव्याच्या अफिडेव्हिटच्या वेळी त्याने हळूच विचारलं, "हे लिहायलाच पाहिजे का?" अनेकजण लपवतात. मी म्हटलं, लिहायचं. मागच्या पगाराबाबत सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट 2013 चा निकाल आहे, तेव्हाच्या औरंगाबादमधल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणातला. बेकायदा काढलेल्याला पूर्ण मागचा पगार हा सर्वसाधारण नियम, पण आपण बेकार होतो किंवा कमी पगारावर होतो हे कर्मचाऱ्याने आधी सांगायचं, मग खोडून काढायची जबाबदारी मालकाची. पीएफच्या नोंदी एका क्लिकवर निघतात. खोटं सापडलं की डायऱ्याही खोट्या वाटायला लागतात.

उलटतपासणीत त्यांच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे ऑर्गनोग्राम, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली याचा तक्ता, काढला. त्याच्या नावाखाली दोन चौकोन. "तुमच्या हाताखाली दोन माणसं होती, हे खरं?" "होय, दोन ट्रेनी." एवढंच. आम्ही तालीम केली होती: विचारलं तेवढंच सांगायचं. मग एचआरचे साक्षीदार माझ्या वाट्याला आले. ट्रेनींच्या रजेच्या अर्जावर सही कोणाची? एचआरची. यांच्या रजेवर? शिफ्ट इन्चार्जची. माल रिजेक्ट करायचा अंतिम निर्णय कोणाचा? क्वालिटी मॅनेजरचा. यांनी कधी कुणाला मेमो दिला? नाही. इन्स्पेक्शन रिपोर्ट हजर करा असा अर्ज आम्ही दिला होता, त्यावर उत्तर होतं की उपलब्ध नाहीत. ग्राहकाच्या ऑडिटला हेच रिपोर्ट दाखवता ना? यावर साक्षीदार थोडा वेळ गप्प राहिले. मग मी 14 मार्चचं पान वाचून दाखवलं. न्यायाधीश साहेबांनी डायरी मागून घेतली, चार-पाच पानं उलटली आणि काही न बोलता परत दिली.

पुढच्या तारखेला त्यांचे वकील पॅसेजमध्ये म्हणाले, "मॅडम, बसूया का?"

हिशोब आमचा तयार होता. नोकरी मिळेपर्यंतचा पूर्ण पगार, त्यानंतर दोन पगारांतला 16 हजारांचा फरक, लॉकडाउनमध्ये वर्कशॉपने तीन महिने काहीच दिलं नव्हतं ते, आणि दिलेला नोटिशीचा पगार वजा. मार्च 2023 पर्यंत 8 लाखांच्या थोडं वर. कामावर परत घ्या हा आग्रह सोडण्याची किंमत वेगळी. 10 लाखांवर तडजोड झाली. निकाल घेतला असता तर कदाचित जास्त मिळालं असतं. पण मग औद्योगिक न्यायालय, मग उच्च न्यायालय. मुलगी दहावीला होती. निर्णय त्याचा होता, आणि मी त्याला अडवलं नाही.

हे सगळं जुन्या कायद्यातलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, तेव्हा आज नोकरी गेलेल्याने 3 वर्षं डोक्यातून काढून टाकावीत. समेटासाठी आता मर्यादा 2 वर्षांची आहे. सुपरवायझरची पगारमर्यादा 10 हजारांवरून 18 हजार झाली. कारखान्यात कपातीआधी सरकारची परवानगी लागण्याचा आकडा 100 कामगारांवरून 300 वर गेला. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. तुमची तारीख कोणत्या कायद्यात बसते हे वकिलाकडून तपासून घ्या, पण 90 दिवस उलटायच्या आत घ्या.

आणि जे खरोखरच मॅनेजर आहेत? याच माणसाचा मेहुणा हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर होता, त्याने हाच प्रश्न विचारला होता. माणसं नेमायचा, अप्रेझल करायचा, रजा द्यायचा. त्याला लेबर कोर्ट नाही. दिवाणी दावा करता येतो, पण विशिष्ट अनुतोष कायद्यामुळे खाजगी नोकरीचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. मिळते ती नुकसानभरपाई, आणि ती बहुतेकदा नोटिशीच्या काळातल्या पगारापुरती. म्हणून त्याची खरी लढाई काढल्यानंतरची नव्हतीच. रिलीव्हिंग लेटर, थकलेला बोनस आणि ग्रॅच्युइटी यांची घासाघीस होती, ती दोन पत्रांत आटोपली. गरोदरपणाच्या रजेत काढलेल्या बाईची गोष्ट मात्र निराळी. तिथे मातृत्व लाभाचा कायदा (21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला) मॅनेजर आणि कामगार असा भेद करत नाही.

तडजोडीच्या मसुद्यात कंपनीने "स्वेच्छेने राजीनामा दिला" असं वाक्य घुसवलं होतं. ते त्याने काढायला लावलं, त्यासाठी एक तारीख वाया गेली. शेवटी अनुभवपत्राचा मसुदा आला. त्यांच्या एचआरने उदारपणे विचारलं होतं की पद काय लिहू, क्वालिटी इन्स्पेक्टर लिहू का? साडेतीन वर्षं आम्ही तेच तर सांगत होतो.

तो कागद हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, पुढच्या नोकरीला दाखवायचंय. सीनियर एक्झिक्युटिव्हच राहू दे."

तसंच लिहून घेतलं.